तानाजीचे जर्मन पाढे

तानाजीला जर्मन शब्द पाठ होते, यात वाद नाही. भानगड एवढीच होती की ते त्याला सुटे येत नसत. बायकोने, म्हणजे वनमालाने, चहा ठेवता ठेवता शिडीला जर्मनमध्ये काय म्हणतात असं विचारलं, की हे महाशय डोळे मिटून हातोडीपासून सुरुवात करायचे. हातोडी, पक्कड, वायर, मोटार असं करत करत शिडीपर्यंत पोचेस्तोवर चहा उतू गेलेला असायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे म्हणत वाढलेला गडी तो. सात सक किती विचारलं तरी सात एके सातपासून निघणारा. जर्मनही त्याने तसंच, त्याच तालावर, मान डोलावत घोकलं होतं.

कडा गावात त्याचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून, म्हणजे आत नवी तार गुंडाळून द्यायचं छोटं दुकान होतं. जर्मनीतल्या एका कंपनीला इलेक्ट्रिशियन हवे होते. मुलाखत मोबाइलवर व्हायची होती, आणि त्यात तो पास झाला तर पुढे बायकोलाही नेता येणार होतं. वनमालाला जायचंच होतं. सासरच्या भरल्या घरात दिवसभर हाका ऐकून तिचे कान किटले होते. म्हणून नवऱ्याच्या जर्मनचा ताप तिने आपण होऊन डोक्यावर घेतला होता.

पुण्याहून ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी आधी वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायला सांगितलं. वनमालाने चिकटवल्या. दुकानातल्या लगेच तेलात माखल्या, आणि एक तर गिऱ्हाइकाच्या मोटारीबरोबर थेट त्याच्या विहिरीवर गेली. मग मॅडमनी मोबाइलवरचा शब्दांचा खेळ दिला. बरोबर चित्रावर बोट ठेवलं की तारे मिळायचे. तानाजीने ताऱ्यांचा ढीग लावला, पण मोबाइल खाली ठेवला की तोंडातून अवाक्षर नाही. बोटाला सगळं येत होतं, जिभेला काही नाही. वनमालाने कपाळाला हात लावला.

शेवटी ती दुकानातच जाऊन बसली. जर्मनमध्ये नाव घेतल्याशिवाय अवजार हातात द्यायचं नाही, असा तिने कायदाच केला. तानाजी मोटार उघडून पक्कड मागायचा, ही ढिम्म. तो पाढा सुरू करायचा, ही पक्कड पदराखाली घ्यायची. गिऱ्हाइकं खोळंबायची, तानाजी चिडायचा, रुसून जेवायचा नाही. पण काम हातात अडकलं की शब्द आपसूक सुटायला लागला. हळूहळू एकेक अवजार पाढ्यातून बाहेर आलं. ऐकून ऐकून वनमालाचंही बरंच पाठ झालं.

नात्यांचे शब्द तेवढे राहिले. नाती काय पक्कडीसारखी मागून घेता येतात? त्यावर तानाजीचं म्हणणं, ते तर पहिल्याच धड्यातलं आहे, मला येतं. विषय तिथेच मिटला.

मुलाखतीला तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. वनमाला मोबाइलच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्यावरच्या जर्मन बाईने कामाचं विचारलं, तानाजीने फटाफट सांगितलं. वनमालाचा जीव भांड्यात पडला. मग बाईने हसून विचारलं, पुढे इकडे कुणाला आणणार?

प्रश्न तानाजीला कळला. त्याने डोळे मिटले.

"फाटर, मुटर," तो म्हणाला, आणि त्याची मान डोलायला लागली. "ब्रूडर, श्वेस्टर, ओंकल, टांटे..."

बाईच्या भुवया वर गेल्या. बाप, आई, भाऊ, बहीण, काका, काकू! ज्या घरातून सुटायला वनमालाने एवढा आटापिटा केला, ते अख्खं घर हा माणूस जर्मनीला न्यायला निघाला होता. बायको पाढ्यात कुठे आहे ते तिला चांगलं माहीत होतं. ताल बसावा म्हणून त्याने तिला अगदी शेवटी घातलं होतं, चुलत भावंडांच्याही नंतर. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. ती तरातरा पुढे आली, नवऱ्याचा खांदा बाजूला सारून मोबाइलसमोर बसली आणि तिने छातीवर हात ठेवला.

"फ्राऊ," ती म्हणाली, म्हणजे बायको. मग नवऱ्याकडे वळून, "मी हाय की हितं. कावून सगळा गाव मोजताय तुमी?"

पडद्यावरची बाई हसली. तिने समोरच्या कागदावर बरंच काही खोडलं, एकच शब्द लिहिला आणि कामाचं पत्र पाठवते म्हणाली.

फोन बंद झाला. तानाजी कान पकडून बसला होता.

"येतच होतो की तुज्यापर्यंत," तो म्हणाला.