मुरमाचा अहवाल

"कागद बाजूला ठेवा. माती कुठे आहे?"

कोणीही टेबलापाशी गेलं की बाईंचं पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, बसा नाही. माणूस फाइल पुढे करी, आणि बाई ती एका बोटाने कडेला सरकवून मातीच्या पिशवीची गाठ सोडायला घेत. बाई आमच्या कचेरीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होत्या आणि मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता. सरकारी कचेरीत तुमचं कधी काम अडलं असेल, तर अशी एक व्यक्ती तुम्हीही पाहिली असेल. स्वतःचं काम चोख, आणि त्यापायी बाकी सगळ्यांचं खोळंबलेलं.

माझं जे खोळंबलं ते बिबवेवाडीचं. तिथे सायकलच्या सुट्या भागांना क्रोमचा मुलामा देणारा एक कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. त्या जागेवर प्राथमिक शाळा बांधायचं ठरलं. शाळा तेव्हा एका मंगल कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरत होती. लग्नाचा बँड सुरू झाला की पाढे बंद. जमिनीत कारखान्याचं विष मुरलंय का, हे आधी तपासा म्हणून शासनाने खास अनुदान दिलं. अट एकच, तपासणी मार्चअखेरच्या आत पुरी व्हायला हवी; नाहीतर पैसे परत.

आता आमची कामाची पद्धत ऐका. तपासणीवाले यायच्या आधीच नगरसेवकांना भूमिपूजनाचा मुहूर्त सापडला. पाहुण्यांच्या बुटांना घाण लागू नये म्हणून ठेकेदाराने सगळ्या जागेवर हातभर जाड मुरूम टाकून रोलर फिरवला. मांडव पडला, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. मग पंधरा दिवसांनी तपासणीवाले आले, हातभर खोल खणून नमुने घेऊन गेले आणि त्यांनी अहवाल पाठवला की जमीन निर्दोष आहे. राहिली फक्त बाईंची सही.

बाईंनी मी नेलेल्या नमुन्याची पिशवी सोडली, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि हा मुरूम कुठून आणला, असं विचारलं. कात्रजच्या पलीकडच्या खाणीतून, मी सांगितलं.

"मग शाळा त्या खाणीत बांधा. तिथली जमीन चांगली आहे, असं अहवालात स्पष्ट लिहिलंय."

मी पुष्कळ समजावलं. पुरुषभर खोल खणायचं तर नवी मंजुरी लागेल, मार्च उलटेल, मुलं आणखी एक वर्ष बँडच्या तालावर शिकतील. बाई ऐकून घेत आणि माझ्यासाठी चहा मागवत. तोही बिनसाखरेचा, कारण त्या स्वतः तसाच पीत. चौथ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांनाच सोबत नेलं. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी त्यांना स्वतःचा रुमाल दिला. सही दिली नाही.

अनुदान परत गेलं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी बाईंशी बोलणं सोडलं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

पावसाळ्यात एका रविवारी मार्केट यार्डातून भाजी घेऊन परतत होतो, तर बाई त्या जागेवर छत्री घेऊन उभ्या. साडीचा काठ चिखलाने भरलेला. सोबत कारखान्यात टाक्या धुणारा एक म्हातारा कामगार. तो बोटाने दाखवत होता, "पिवळं पानी आमी हितं सोडायचो, बाई. लई वरसं सोडलं." बाई एका हाताने नकाशावर खूण करायला धडपडत होत्या. मी निमूट जाऊन छत्री धरली. कौतुक वगैरे वाटलं नाही. हे माणूस रविवारीही स्वस्थ बसत नाही, म्हणून चीडच आली.

पुढच्या अनुदानाचा अर्ज त्यांनीच लिहिला आणि प्रस्ताव माझ्या नावाने पाठवला. मंजुरी आली तोवर त्या निवृत्त होऊन भावाकडे सांगलीला गेल्या होत्या. त्यांच्या निरोप समारंभाच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली होती. ते आजही बोचतं.

या वेळी खुणेच्या जागी पुरुषभर खोल खणलं. मुरमाखालून हिरवट-पिवळी, ओली माती निघाली. आराखड्यात नेमका तिथेच बालवाडीचा वर्ग होता.

अहवालावर रसायनतज्ज्ञाची सही हवी होती. बाईंची जागा अजून भरली नव्हती, म्हणून साहेबांनी तो कार्यभार तात्पुरता माझ्याकडे दिला. अभियंत्याला रसायनातलं काय कळतं, हे कोणी विचारलं नाही. 'जमीन मुलांसाठी अयोग्य, माती काढल्याखेरीज बांधकाम करू नये' या ओळीखाली मी सही केली आणि पेन हातात तसंच धरून बसून राहिलो. हाच कार्यभार आदल्या मार्चमध्ये माझ्याकडे असता, तर मी मुरमाच्या अहवालावर सही करून मोकळा झालो असतो.