चौथा धोंडा

दर सात वर्षांनी हॉलकूमचे गाव आपली शीव पायी फिरून येते. वर माळावर ना कुंपण ना भिंत. सात धोंडे आहेत, आणि ते कुठे आहेत हे लक्षात ठेवणारी माणसे आहेत. प्रत्येक धोंड्यापाशी गावातल्या एखाद्या पोराला उलटे धरून त्याचे डोके दगडावर टेकवतात. अशी टेकवलेली जागा माणूस जन्मात विसरत नाही म्हणतात. चर्चच्या वहीत १९६१ च्या पानावर ‘थर्झा एंडाकॉट, वय सात, चौथा धोंडा’ एवढीच ओळ आहे. ‘हलकेच टेकवले’ असे तिथे लिहिलेले नाही, आणि थर्झाच्या कपाळावरचा व्रण पाहता ते खरेही नसावे.

१९८९ पासूनच्या पाचही फेऱ्यांत वाटाड्याची काठी थर्झाकडे होती. सहावी फेरी या रविवारी होती. पण मधल्या काळात काही गोष्टी घडल्या होत्या. एकदा तिने पाण्याविना किटली चुलीवर ठेवली. एकदा ती गोठ्यात जाऊन उभी राहिली आणि आपण कशाला आलो हे तिला आठवेना. या गोष्टी ती दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला तारखेसह लिहून ठेवी. आठ झाल्या होत्या. म्हणून शनिवारी सकाळी तिने स्वतःशीच पैज लावली. एकटीने जायचे आणि चौथा धोंडा शोधायचा. सापडला तर काठी आपली, नाही तर ती भाच्याची, जेथ्रोची.

“फिरून येते गं,” तिने जेथ्रोच्या बायकोला, लव्हडेला सांगितले.

“पेस्टी घेऊन जा, आत्याबाई. आणि फोन.”

मांस-बटाटा भरलेली ती करंजीसारखी पेस्टी तिने घेतली.

रेवन टॉर या खडकाळ डोंगराचा माथा ओलांडेपर्यंत सगळे ठीक होते. मग धुके उतरले आणि पायाखालची हेदरची खुरटी झुडपे तेवढी दिसत राहिली. थर्झा घाबरली नाही. डोंगराच्या दक्षिण उतारावर एंडाकॉटांच्या मेंढ्या चरत. आईच्या मागे चालत कोकरू जी जागा शिकते, ती जागा ते जन्मभर सोडत नाही. त्याचे कोकरूही तीच शिकते. असे शंभर वर्षे चालत आले होते. धुक्यात वाट चुकली की घराण्यातले सारे आधी मेंढी शोधत आणि मग वाट.

थोड्या वेळाने समोर मेंढी उभी राहिली. डाव्या बरगडीवर निळा पट्टा, एंडाकॉटांची खूण. तिच्यामागे आणखी तीन, तशाच.

“म्हणजे आपण घरच्याच उतारावर आहोत,” थर्झा मोठ्याने म्हणाली, आणि खाली उतरू लागली.

या उतारावर ओढा डाव्या हाताला असतो. ओढा आला, पण उजव्या हाताला. ती थांबली. हात पुढे धरून तिने डावा कोणता, उजवा कोणता हे पाहिले, कारण आता तीही खात्री उरली नव्हती. परत वर चढली. मेंढ्या तिथेच होत्या, निळ्याच होत्या. पुन्हा उतरली, पुन्हा ओढा उजवीकडे. मेंढ्या खोटे बोलत नाहीत आणि ओढा डोंगराची बाजू बदलत नाही. मग फिरले असेल ते आपले डोकेच. दिनदर्शिकेवर नववी नोंद कशी लिहायची, हेही तिला सुचेना.

चकवा लागला की कोट उलटा करून घालायचा, असे तिची आई सांगे. थर्झाचा त्यावर विश्वास नव्हता. तिने कोट काढला, अस्तर बाहेर करून घातला, आणि एका अनोळखी लोखंडी फाटकाशी बसून थंड पेस्टी खाल्ली.

दुपारी धुके विरळ झाल्यावर जेथ्रो तिला शोधत तिथे पोचला. फाटक शेजारच्या नेदरटन गावाच्या हद्दीतले होते. डोंगराची उत्तर बाजू.

“आत्या! अगं, इथं काय करतेस? आणि कोट असा का?”

“तू आधी सांग, आपल्या मेंढ्या इथं काय करतायत?”

“त्या जुन्या नाहीत गं. जुन्या मार्चमध्ये विकल्या. या बाजारातून आणल्यात. यांना जागा कुठली ठाऊक? वाटेल तिकडं भटकतात मेल्या.”

“आणि पट्टा निळाच मारलास!”

“मग काय गुलाबी मारू?”

थर्झाच्या छातीवरचे ओझे उतरले. डोके ठीक होते. मेंढ्याच परक्या होत्या. ती हसायला लागणार, तेवढ्यात तो म्हणाला, “पण सांगितलं होतं मी तुला. ईस्टरच्या जेवणाला.”

“नाही सांगितलंस.”

“सांगितलं. तू ‘बरं’ म्हणालीस.”

घरी आल्यावर लव्हडेला विचारले. चहा ओतता ओतता ती थांबली. “सांगितलं असेल. किंवा सांगायचं ठरलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही दोघं घोळत होतो, एवढं आठवतंय. त्या दिवशी टीव्ही तरी केवढ्यानं चालू होता!”

तिघांच्या तीन साक्षी, आणि एकही दुसरीशी जुळेना. थर्झाने दिनदर्शिका उलटली, नऊचा आकडा घातला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

रविवारी तीसेक माणसे निघाली. हवा स्वच्छ होती. तिसऱ्या धोंड्यापुढे दलदलीला वळसा घालणाऱ्या दोन वाटा फुटतात. थर्झाला उजवी वाटत होती. पण उजवीकडे निळ्या पट्ट्याच्या दोन मेंढ्याही चरत होत्या, आणि आपल्याला वाट आठवते आहे की मेंढ्यांमागे जाण्याची सवय ओढते आहे, हे तिला सांगता येईना. लोक थांबले. कुणीतरी खोकले.

तिने काठी जेथ्रोच्या हातात दिली.

“तू धर. मी पुढं चालते. चुकले तर काठीनं ढोस.”

“सगळ्यांदेखत?”

“हळू ढोस.”

डोळे जमिनीकडे लावून ती चालू लागली. दोन पावले उजवीकडे गेली, मग डावीकडे वळली. पुढे मऊ मातीखाली खडी लागली, मग पुन्हा मऊ माती, आणि हेदरमधून धोंडा वर आला. तिने वाकून कपाळ टेकवले. व्रणापाशी दगडाची कड बरोबर बसली. निदान तिला तसे वाटले.

“जेथ्रो, मी चुकत असते तर ढोसलं असतंस ना?”

“असतं की.”

“मग मघा फाट्यावर माझ्या पाठीला काय लागलं?”

“वारा असेल, आत्या.”

वारा नव्हता. किंवा असेलही थोडा. थर्झा पोरांपैकी एकीला जवळ ओढून म्हणाली, “हिला धरा. नीट टेकवा, हिच्या तरी पक्कं लक्षात राहू दे.” आणि तिने जेथ्रोपुढे हात केला.

“दे ती काठी. पाचवा मला ठाऊक आहे. सहाव्याचं सहाव्याला बघू.”