आबांची डबल बेल

बातमी मला जिन्यात कळली. हातात चहाचे दोन कागदी कप, एक माझा आणि एक सुहासचा... चंदीगडच्या बत्तीस सेक्टरमधल्या सरकारी दवाखान्यातला तो जिना आठ दिवसांत इतक्यांदा चढले-उतरले होते की पायऱ्या पाठ झाल्या होत्या. दुपारचे चार वाजून गेले होते. वरच्या वळणावर सुहास उभा दिसला. माझा नवरा तिथेच डॉक्टर आहे, अशी बातमी लोकांना सांगणं त्याच्या रोजच्या कामातलं. पण स्वतःच्या वडिलांची सांगताना ती सवय उपयोगी पडली नाही. "नंदा, आबा गेले," एवढंच कसंबसं म्हणाला. मी जेमतेम दहा मिनिटं खाली होते. निघताना आबांच्या कॉटच्या दांडीवर सवयीनं बोटांनी दोनदा टकटक केलं होतं, म्हणजे 'निघते हं'. डोळे मिटून पडले होते, ऐकलं की नाही देव जाणे. खरं सांगते, मला रडू नंतर आलं, आधी राग आला. पुन्हा एकदा हा माणूस मला मागे ठेवून निघून गेला, असंच वाटलं. गेले सहा आठवडे हाच काटा रुतून बसला आहे, की शेवटच्या क्षणी मी तिथे नव्हते.

'पुन्हा एकदा' का, ते कळायचं तर आबा कोण ते सांगायला हवं. आबा माझे सासरे. वाईजवळच्या खेड्यातले, एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. पसरणीचा घाट तुम्ही डोळे मिटून चालवत असाल, असं कुणी कौतुकानं म्हटलं की म्हणायचे, "डोळे उघडे ठेवून चालवला, म्हणून तर पेन्शन खातोय." नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुहासला चंदीगडला नोकरी लागली आणि मिरजेची मी बावीस सेक्टरमधल्या एका वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. गावी एकटे कसे राहणार म्हणून आबांना आम्ही घेऊन आलो. आले ते "दिवाळीपर्यंत" असं बजावूनच. एक रेक्झिनची बॅग होती, ती त्यांनी कॉटखाली सरकवली आणि रोजचा सदरा तिच्यातून काढायचे, पुन्हा तिच्यातच घडी करून ठेवायचे. कपाट रिकामं करून दिलं होतं मी. "कपाटात कपडे लावले की मुक्काम वाढतो," म्हणाले.

हे शहर त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. "रस्ते फूटपट्टीनं मारल्यात गं. वळण नाही, चढ नाही, चौकाचौकात आपला एक गोल. ह्यात ड्रायव्हरनं करायचं काय?" दुपारी पायी पायी बसस्टँडवर जाऊन बसायचे. हिमाचलच्या गाड्या सुटताना बघायचे आणि घरी येऊन मला रिपोर्ट द्यायचे, की आज मनालीची तीन मिनिटं लेट सुटली, शिमल्याच्या ड्रायव्हरचा हात हलका आहे. मी हसायचे. पण खरं तर मीही त्यांच्यासारखीच होते. दोन वर्षांत भाजीबाजार, आमच्या लेकीची, सईची शाळा आणि घरमालकीण यांच्यापलीकडे मला इथलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघंही कुणाच्या तरी नोकरीपायी इथे येऊन पडलेलो, आणि घरात एकमेकांना चहा करून देत होतो.

मग सुहासनं पुण्याला बदली झालेल्या एका मराठी विंग कमांडरकडून जुनी पांढरी छोटी गाडी घेतली. सुहास ती चालवायचा आणि आबा शेजारी बसून आठवडाभर गप्प राहिले. आठव्या दिवशी म्हणाले, "तू गिअर बदलतोस का भाकरी थापतोस? उतर खाली." त्या दिवसापासून किल्ली त्यांच्या खिशात गेली आणि आमच्या घरात 'सहा दहाची गाडी' सुरू झाली. दर रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. सहा अकराला नाही. चहाला गाडी दहा मिनिटं थांबेल. ड्रायव्हरशी घाटात बोलायचं नाही. आणि बेलशिवाय गाडी हलणार नाही. सहा वर्षांची सई मागच्या सीटवर कंडक्टर. तिनं काचेवर एकदा वाजवलं की थांबायचं, दोनदा वाजवलं की निघायचं. "डबल बेल मिळाली की ड्रायव्हरनं मागं बघायचं नसतं," हा त्यांचा कायदा. दुसरा कायदा त्याहून कडक होता. सुटलेल्या प्रवाशासाठी गाडी मागे फिरवायची नाही. एकतीस वर्षांत एकदाही फिरवली नाही, हे ते छाती फुगवून सांगायचे. एकदा म्हणे सख्खा मेव्हणा पाचवडच्या स्टँडवर मागे राहिला होता.

असं करत आम्ही पिंजोर पाहिलं, नालागढ, नाहन पाहिलं. धरमपूरच्या फाट्यावरून कसौलीकडे पहिल्यांदा वळलो तेव्हा आबांनी खिडकीची काच खाली केली, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "ही पसरणीची धाकटी बहीण दिसते." इतिहासाशी त्यांचं नातं मोठं गमतीचं होतं. अंबाल्याच्या पुढे शेतात जुना कोसमिनार उभा दिसला, तर गाडी बाजूला घेऊन उतरले. पूर्वी वाटसरूंना अंतर कळावं म्हणून बांधलेले हे मनोरे, असं मी पुस्तकातलं वाचून सांगितलं. त्यांनी त्या विटांवर हात फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे आपल्याच खात्याचं काम." राजे कोण होते, लढाई कुणी जिंकली याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. रस्ता कुणी बांधला, पाणी कुठे होतं, मुक्काम कुठे पडायचा, एवढं विचारायचे. मला शाळेत इतिहासाचा भारी कंटाळा. पण आबांच्या शेजारी बसून बघताना तो सगळा मुलूख जिता-जागता व्हायचा, आणि हळूहळू माझाही होत गेला. चंदीगड मला नवऱ्यानं दाखवलं नाही, सासऱ्यांनी दाखवलं.

आता तो दोराह्याचा रविवार. लुधियान्याच्या अलीकडे, दोराहा गावाजवळ शेतात एक पडकी मुघल सराई आहे, पूर्वीच्या वाटसरूंच्या मुक्कामाची. सुहासची ड्युटी होती, म्हणून आम्ही तिघंच होतो. मोठा दरवाजा, आत प्रशस्त अंगण, चारी बाजूंनी ओळीनं खोल्या. आबा आत शिरले आणि कमरेवर हात ठेवून उभेच राहिले. "अगं, हा तर डेपो आहे! हे बघ, उंट-घोडे इथं लावायचे, प्रवासी तिथं, चहापाण्याला विहीर ही. कंट्रोलर कुठं बसत असंल?" कंट्रोलरची खोलीसुद्धा त्यांनी शोधून काढली. मग दहा मिनिटं संपली म्हणून ते आणि सई गाडीकडे गेले. मी म्हटलं, दरवाजावरच्या निळ्या फरशा बघून आलेच. बघण्यात रमले खरी. तेवढ्यात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी धावत बाहेर येते तर समोर नुसती धूळ! पर्स गाडीत, आसपास टेलिफोनचा बूथ नाही. गोवऱ्या थापत बसलेली एक म्हातारी मला न्याहाळत होती. "छड के चले गए, पुत्तर?" सोडून गेले का, असं तिनं विचारलं. मी मान हलवली. "आ जाणगे," ती शांतपणे म्हणाली आणि बसायला पोतं टाकून दिलं. येतील म्हणे! मला तो सख्खा मेव्हणा आठवत होता. सख्ख्या मेव्हण्यासाठी जे झालं नाही, ते सुनेसाठी कशाला होईल? गावाकडची सगळी भाषा त्या दिवशी मी मनातल्या मनात वापरून घेतली.

अर्ध्या तासानं गाडी परत आली. झालं होतं असं, की सईनं चाळा म्हणून काचेवर दोनदा वाजवलं, आणि बेल मिळाली म्हटल्यावर आबांनी मागे बघितलंच नाही. कालव्याच्या पुलापर्यंत गेल्यावर सई म्हणाली, "आबा, मम्मी कहाँ है?" ती रडून लाल झाली होती. "मैंने तो बस ऐसे ही बजाया था," म्हणत होती. आबा खाली उतरले, टोपी काढून हातात घेतली आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी चांगलंच तोंडसुख घ्यायच्या तयारीत होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. "नंदा, पोरीला बोलू नको. चूक माझी. बेल मिळाली एवढंच बघितलं, बेल कुणी दिली ते बघितलं नाही." मग टोपी पुन्हा डोक्यावर घालून म्हणाले, "आजपासून कंडक्टर तू. तुझी बेल झाल्याबिगर ही गाडी हलायची नाही." गाडी मागे फिरवल्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. तीन दिवस मी फुगून बसले होते. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की एकतीस वर्षांचा कायदा या माणसानं माझ्यासाठी मोडला.

तेव्हापासून ती सवयच पडली. गाडीत मी डॅशबोर्डवर दोनदा टकटक करायची. पुढे पुढे घरातही. बाजारात निघताना दाराच्या चौकटीवर दोन टकटक, आणि व्हरांड्यातून आबांचा वर झालेला हात. दिवाळ्या येत-जात राहिल्या, "यंदा जातो" हे वाक्यही येत राहिलं, पण एकदा माळा आवरताना ती रेक्झिनची बॅग वर दिसली. आत आमचे स्वेटर भरले होते. आबांचे सदरे कधीच कपाटात गेले होते. त्याविषयी तेही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

नवं शतक आलं, मोहालीकडचे रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल आले, आमच्या चहाचे दोन ढाबे त्यात गेले. साखरेनं आबांचे डोळेही हळूहळू नेले. सुहास किल्ली मागायचं धाडस करत नव्हता. एका सोमवारी आबांनी आपण होऊन ती माझ्यासमोर ठेवली. "काल समोरचा ट्रक दिसायच्या आधी ऐकू आला. बास झालं." आणि दुसऱ्याच दिवसापासून मला शिकवायला बसले. "सारखा दाबून धरू नको, तो क्लच आहे, सुहास नाही." माझ्या हातून गाडी कसौलीचा घाट पहिल्यांदा चढली तेव्हा वर पोचेपर्यंत ते चकार शब्द बोलले नाहीत. उतरल्यावर म्हणाले, "आता ड्रायव्हर तूच, कंडक्टर तूच. अख्खी एसटी तुझी." तरी बेल झाल्याशिवाय गाडी काढू द्यायचे नाहीत. मग मी स्टिअरिंगवरच दोनदा वाजवायची.

आणि म्हणूनच त्या जिन्यातला राग ओसरल्यावर जे आठवलं, त्यानं माझी झोप उडाली. कॉटवर टकटक केली ती मी. बेल मीच दिली होती... हे मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? लोक म्हणतील, वेड लागलंय हिला. पण गाडी तशीच खाली उभी राहिली, मी किल्लीला हात लावला नाही.

गेल्या रविवारी सुहासनंच उठवलं. सई मागे बसली. आता ती कॉलेजात जायच्या वयाची आहे. सुहास माझ्या शेजारी, आबांच्या जागेवर. मी गाडी सुरू केली, आणि बोट उचललं ते तसंच राहिलं. वाजवता येईना. मग मात्र बांध फुटला. म्हटलं, "अरे, त्या दिवशी बेल मीच दिली त्यांना. जाताना कॉटवर वाजवलं. मी वाजवलं नसतं तर..."

सुहास माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं आबा भ्रमात बोलतायत, म्हणून सांगितलं नाही तुला. तू बाहेर पडलीस आणि त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, बेल कुणी दिली?"

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, नंदानं. तर म्हणाले, मग बरोबर आहे. आणि डोळे मिटून घेतले."

मागून सईचा हात माझ्या खांद्यावर आला. मी पदरानं तोंड पुसलं आणि स्टिअरिंगवर दोनदा वाजवलं. सहा वीस झाले होते. दहा मिनिटं लेट.