कानातली सरकी

बारावीत असताना, एनसीसीच्या गोळीबार सरावाच्या दिवशी, माझी मैत्रीण वंदना हिच्या कानात सरकी अडकली. काल चंद्रपुरात मुलीच्या नेमबाजीसाठी कानांवर लावायचे मफ घेतले. दुकानात ते चढवून पाहिले, रस्त्याचा गोंगाट दूर गेला आणि गोंडपिपरीजवळचं सरावाचं ते मैदान आठवलं.

आवाजापासून बचाव म्हणून आमच्या उस्तादांनी, म्हणजे सैन्यातल्या प्रशिक्षकांनी, कानात घालायला कापूस आणायला सांगितलं होतं. वंदना कोरपन्याची. तिनं घरच्या ढिगातला, नुकताच वेचलेला कापूस आणला आणि तसाच सरकीसकट, बिया न काढता, दोन्ही कानांत कोंबला. तिच्या पाचही गोळ्या चकतीत लागल्या. जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली. मग तिनं कापूस ओढला.

“उस्ताद, सरकी अंदरच राह्यली!”

“आता कानातून पऱ्हाटी उगवते पाय, कापसाचं झाडच,” कोणीतरी म्हणालं.

बंदुकीच्या आवाजानं कान कायमचा जाऊ शकतो, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही घाबरलो ते सरकीला. उस्ताद मात्र हसले नाहीत. “डॉक्टर कान ठीक म्हणतील तर संघात. नाई तर घरी.”

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्यानं सरकी काढली. मग मागून तिच्या एकेका कानाशी वाकून ते हळूच काही पुटपुटले.

“काय विचारलं मी?”

“जेवली काय, असं विचारलं. मी नाई जेवली. तुमी कांदा खाऊन आले.”

डॉक्टरांनी दोन्ही कान ठीक असल्याचं सांगितलं. वंदना संघात राहिली.