उघडा राहिलेला कुटाचा डबा

दाणे भाजल्याचा वास आला की माझे हात आजही गार पडतात. देवासला यांच्या कारखान्यात मशीन बसवायला एक इटालियन इंजिनियर आला होता. हॉटेलच्या तिखटाने त्याचं पोट बिघडलं, म्हणून यांनी त्याला घरी जेवायला आणलं. त्याची आई टोमॅटोच्या रश्श्यात शिळा पाव शिजवते असं कळल्यावर मी पावाऐवजी सकाळच्या पोळ्या कुस्करल्या, वर लसणाची फोडणी दिली. ताटलीवर वाकून वास घेत तो हसला, मग त्याने काहीतरी विचारलं. हे म्हणाले, "अगं, यात दाणे-बिणे नाहीत ना? त्याच्या जिवावर बेततं." "नाही हो," म्हणत मी पाणी आणायला आत गेले. ओट्यावर कुटाचा डबा उघडा होता, चमचा त्यातच. रस्सा पातळ वाटला म्हणून सवयीने हात गेला होता. दारातून तो दिसत होता. पहिला घास, मग दुसरा, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना, कारण आत्ताच तर मी 'नाही' म्हटलं होतं. तिसऱ्या घासाला त्याने गळा धरला तेव्हा मी किंचाळले, "कूट आहे त्यात!" त्याने बॅगेतलं इंजेक्शन स्वतःच मांडीत खुपसलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अच्छा हुआ भाभीजी, आपने टाइम पे बता दिया." हे तो किस्सा अजून पाहुण्यांना सांगतात, हिच्यामुळे तो वाचला म्हणून. मी दर वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी असते, तशीच गप्प.