दुसरा घेणारा

कुठल्याही दुकानात शिरण्याआधी वैद्यबाई समोरचं दुकान उघडं आहे का ते बघायच्या. घ्यायचं असायचं याच दुकानातून, तरी बघायच्या. मी एकदा हसलो तर म्हणाल्या, "पाटील, समोरचं बंद असलं की याच्या बोलण्यातला गोडवा जातो."

करंजाड्याला माझ्या घरात वरच्या मजल्यावर त्या भाड्याने राहत. निवृत्त होण्याआधी दिल्लीच्या सरकारी कचेरीत त्या अर्थशास्त्राच्या जाणकार होत्या. एका कंपनीने दुसरी गिळली तर गिऱ्हाइकाचं काय होईल, हे तपासायचं त्यांचं काम. मी चौथी शिकलेला. पण जासईजवळ बर्फाचा कारखाना स्वतःच्या हिमतीवर उभा केला, त्यामुळे कुणाची अक्कल उसनी घेत नसे.

मग करोना आला. मासेमारीच्या होड्या बंदरात अडकल्या, बर्फ कोण घेणार? यंत्र बंद. रस्त्यावर ॲम्ब्युलन्सशिवाय दुसरा आवाज नाही. तशात भोईरशेठ तोंडाला फडकं बांधून दारात आला. आमच्या भागात बर्फाचे कारखाने दोनच, एक त्याचा, एक माझा. म्हणाला, "काका, मला देऊन टाका. नायतर गंजून जाईल. दुसरा कोन घेनार हाय?"

मी घाबरलोच. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून मी बाईंना विचारलं, "विकू का?"

"कारखाना खरंच बुडणार असेल तर विका. पण दुसरा कुणी घेणारा शोधलात का?"

"या दिवसांत कोन येतंय, बाई? हा दारात उभा हाय."

"दारात आला तो एकटाच, असं आपली भीती सांगते. साथ आज ना उद्या जाईल. दोन्ही कारखाने त्याचे झाले की ते त्याच्या हातून कधी नाही सुटायचे."

"आनि नाय विकला, नि बुडाला तर?"

बाई वरच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "तसली फाइल टेबलावर आली की मी घाबरायचे. अडवलं तर कामगार रस्त्यावर, सोडलं तर गिऱ्हाईक कायमचं एकाच्या हातात. सगळे आकडे मांडूनसुद्धा सही उद्यावर ढकलायचे."

एवढी शिकलेली बाई घाबरते म्हटल्यावर मी जास्तच घाबरलो. पण हट्टीही आहे. भोईरला थांब म्हटलं आणि नाखव्यांना, म्हणजे होडीच्या मालकांना, फोन लावत सुटलो. कुणी म्हणे, "काका, आमीच उपाशी." कुणी फोनच उचलेना.

तेवढ्यात बाईंना ताप भरला. दवाखान्यातून त्यांचा फोन आला, धाप लागलेली.

"मिळाला का कुणी?"

"नाय अजून."

"घाबरा, पाटील. पण शोधा."

पुढे त्यांचा आवाज ऐकला नाही. अंत्यदर्शनही कुणाला मिळालं नाही.

शेवटी काही नाखव्यांनी एकत्र येऊन, थोडे थोडे पैसे घालून माझा कारखाना घेतला. होड्या पुन्हा सुटल्या आणि नाखव्यांचा कारखाना चालू झालेला बघून भोईरशेठने लगेच बर्फाचा दर उतरवला. नाखवे खूश झाले. मला मात्र बाईंचं समोरचं दुकान आठवलं. त्या दिवशी दारात मी हो म्हटलं असतं, तर दर उतरलाच नसता. आणि आपलं काय गेलं, हे कुणाला कधी कळलंही नसतं.