ओव्हाळमामांनी पास केलेला गिअर

चांगलं काम करून एखाद्याचं वाटोळं करता येतं, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता मीच सांगतोय. ऐका.

भीमराज ओव्हाळ, म्हणजे आमचे ओव्हाळमामा, काळेवाडीत राहतात. वय बहात्तर. चिंचवडच्या एका छोट्या टूलरूममध्ये त्यांनी बत्तीस वर्षं काढली. मी, समाधान, परभणीहून येऊन एकोणिसाव्या वर्षी तिथे लागलो, आणि माझ्या हाताला आज जे काही येतं ते या माणसानं एका शब्दावर शिकवलं. तो शब्द म्हणजे ‘पुन्हा’. जॉब, म्हणजे घडवायला दिलेला भाग, तयार करून त्यांच्या टेबलावर ठेवायचा. मामा चष्मा वर सारणार, जॉब बोटांत फिरवणार, माप घेणार आणि म्हणणार, “पुन्हा.” का पुन्हा, ते विचारायचं नाही, आपलं आपण शोधायचं. बरोबर असेल तर काही न बोलता ट्रेमध्ये टाकायचे. ‘चांगलं झालंय’ हे त्यांच्या तोंडून मी अकरा वर्षांत एकदाही ऐकलं नाही. पुढे मी महाळुंग्याच्या मोठ्या कंपनीत लागलो, हाताखाली चौदा माणसं आली, साहेब लोक नावाजायला लागले. तरी त्याचं काही वाटायचं नाही, राव. मला ते मामांकडूनच ऐकायचं होतं.

टूलरूम बंद झाली तेव्हा मालक मुलीकडे बंगळुरूला निघाले. शेडमध्ये त्यांची जुनी स्पोर्ट्स कार सात वर्षं पडून होती. लाल, बुटकी, दोनच सीटची. टायर बसलेले आणि आत उंदरांचा संसार. मालक म्हणाले, “भीमराज, चालू करून दाखवलीस तर तुझी.” मामांनी दीड वर्ष घेतलं, पण चालू केली, आणि मालकांनीही शब्द पाळून गाडी त्यांच्या नावावर करून दिली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी सहाला मामा आणि चतुरामामी त्या गाडीतून निघायचे. भोसरी, मोशी, चाकण करत राजगुरुनगरला. ट्रकांची गर्दी व्हायच्या आत चाकण ओलांडायचं, हा नेम. नदीकाठी गाडी लावायची, डब्यातले पोहे खायचे, थर्मासमधला चहा प्यायचा आणि दहाच्या आत घरी. एवढंच. पण मामी त्यासाठी ठेवणीतली साडी नेसायच्या, आणि गल्लीतून ती लाल गाडी बाहेर पडताना लोक तोंडात ब्रश घेऊन दारात यायचे. तीन लेकरं, मामांचा ओव्हरटाइम, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची आजारपणं, यात त्या दोघांना शेजारी शेजारी निवांत बसायला कधी मिळालंच नव्हतं. मामी मला एकदा म्हणाल्या होत्या, “घरात हे बोलत न्हाईत रे. गाडीत बोलतात.”

आता त्या गाडीचा गिअर. दांडा लांबलचक, तो ज्यांत फिरतो ती खालची कडी, म्हणजे बुश, झिजून गेलेले. पहिल्यातून दुसऱ्यात जायचं तर पिठल्यात पळी फिरवावी तसा हात फिरवावा लागे. गाडी स्पोर्ट्स आणि गिअर ट्रॅक्टरचा! मला बघवेना. मामांची सत्तरी आली होती आणि मी त्यांना आजवर काहीच दिलं नव्हतं. म्हटलं, आखूड दांडा बनवायचा. नुसतं मनगट हललं की खटकन गिअर पडला पाहिजे.

दोन महिने खपलो. जेवणाच्या सुट्टीत ड्रॉइंग, सुटीच्या दिवशी मित्राच्या लेथवर काम. दांडा ज्या गोळ्यावर डुलतो तो गोळा वर घेतला, नवे पितळी बुश घातले, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापं जुळवली. “गाडी दोन दिवस द्या, ग्रीसिंग करतो,” असं खोटं सांगून गाडी आणली. जुना दांडा कापला, त्याची मूठ नव्यावर बसवली आणि एक चक्कर मारून आलो. काय पडत होता गिअर! अहाहा! जरा जोर लागत होता, पण नवं आहे, बसेल हळूहळू, म्हणून सोडून दिलं.

जरा जोर! गिअरची हालचाल आखूड केली की जोर जास्त लागणार, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला कळतं. मला तर ते मामांनी स्वतः फळीखाली विटेचा तुकडा ठेवून दाखवलं होतं. पण चाळिशीच्या धडधाकट हाताला तो जोर जराच वाटला, आणि दुसऱ्या कोणाच्या हाताचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

गाडी नेऊन दिली. मामांनी दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गल्लीत एक फेरी मारून आले. चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, आनंदानं. उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “एक नंबर झालंय, समाधान. यात सुधारायला जागा नाही.”

मी भिंतीआड जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी कंपनीत पेढे वाटले. माझी बायको तेजस्विनी म्हणाली, “अहो, पोरगी झाली तेव्हा एवढे वाटले नव्हते तुम्ही.” अरे गाढवा, जो माणूस अकरा वर्षांत एक चांगला शब्द बोलला नाही तो आज दोन वाक्यं बोलला, तिथेच शंका यायला नको? पण मला शंका घ्यायचीच नव्हती.

ते एप्रिलमध्ये. त्यानंतर फोन केला की विचारायचो, “काय मामा, गिअर कसा चाललाय?” उत्तर कधी “बॅटरी उतरलीय,” कधी “पावसात कुठं जायचं,” तर कधी “मोशीला रस्ता खणून ठेवलाय.” रस्ता कुठेतरी खणलेला असतोच, त्यामुळे मला खरं वाटायचं.

नोव्हेंबरात सहज घरी गेलो. मामा दवाखान्यात गेले होते. गाडीवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर धूळ. मामींनी चहा दिला आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, “तुला सांगू नको म्हनलेत. पन मला आता राहवत न्हाई.”

मामांच्या मानेतली शीर दबली होती. दोन वर्षांपासून डाव्या हाताचा जोर जात होता, हातातली बशी सुटायची. जुना लांब दांडा ते तळव्यानं ढकलायचे आणि तो हळूहळू का होईना, पडायचा. माझा नवा गिअर घेऊन दोघं पहिल्याच रविवारी निघाले आणि चाकणच्या चौकात अडकले. पहिला पडेना. मागे टेम्पो, ट्रक, नुसते हॉर्न. एक जण उतरून आला आणि म्हणाला, “म्हाताऱ्या, झेपत नाही तर शायनिंग कशाला मारतो?”

“मी दोन्ही हातांनी ढकलला तो दांडा, तवा पडला,” मामी म्हणाल्या. “म्हनलं, तुमी चालवा, मी टाकते गिअर. तर म्हनले, हा हायवे हाय, खेळ न्हाई. घरी येईस्तवर एक शब्द बोलले न्हाईत. गाडीत बसून बोलले न्हाईत रे.”

मामा आले तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलोच. त्यांच्यावर ओरडायची माझी ती पहिली वेळ. “जॉब चुकला होता तर ‘पुन्हा’ म्हणायचं ना, मामा! आयुष्यभर म्हणालात, तेव्हाच काय झालं होतं?”

ते शांतपणे खुर्चीत बसले. “जॉब कुठं चुकला होता? जॉब नंबर एक होता. हात खराब आहे. हात खराब म्हणून चांगला जॉब रिजेक्ट करू?”

“अहो, पण गिअर त्या हातासाठीच होता ना!”

“तुझं तोंड बघितलं होतंस का त्या दिवशी?” मामा म्हणाले. “नाही म्हणवलं नाही मला.”

मी चार दिवसांत लांब दांडा बनवला, जुन्यापेक्षाही हलका पडणारा. बसवला. मामा गाडीत बसले. पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला हात पुढे सरकला आणि मुठीवरून घसरून मांडीवर पडला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा घसरला. सात महिन्यांत हात आणखी गेला होता. डॉक्टर म्हणतात, वयोमानाप्रमाणे ते होणारच होतं. असेल. पण दर रविवारी त्या जुन्या दांड्याशी झटत राहिला असता तर तो हात आणखी टिकला असता, असं मला वाटतं, आणि ते माझ्या मनातून कोणी काढू शकलेलं नाही. मामांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि दारातल्या मामींकडे बघून म्हणाले, “हिला घेऊन जात जा तू. हिला हवा लागते.”

आता दर रविवारी सकाळी मी मोटरसायकलवर काळेवाडीला जातो आणि लाल गाडी बाहेर काढतो. सीट दोनच, म्हणून एका रविवारी मामींना नेतो, एका रविवारी मामांना. नदीकाठी बसतो, पोहे खातो. मामी विचारतात, “यांनी गोळी घेतली असंल का?” मामा विचारतात, “ही एकटी काय करत असेल?” दोघांपैकी जो घरी राहतो तो आम्ही वळेपर्यंत दारात उभा असतो. त्या गाडीत दोघं शेजारी बसून गेल्याला येत्या एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील.